डॉक्टरांचं दप्तर उघडताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आणि संशोधक अ‍ॅडॉल्फ मेयर (१८६६–१९५०) यांच्या कागदपत्रांवर एक छोटं टिपण छापलं होतं. मेयर मूळचे स्वित्झर्लंडचे. १८९२ मध्ये ते अमेरिकेत गेले, आणि १९१० ते १९४१ या काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक होते. १९१३ मध्ये उघडलेल्या तिथल्या फिप्स क्लिनिक या मनोविकार रुग्णालयाचे ते पहिले संचालक. त्यांचं दप्तर आज तिथल्याच अ‍ॅलन मेसन चेस्नी वैद्यकीय अभिलेखागारात आहे. टिपणावर बरीच पत्रं आली. काही बाल्टिमोरच्या संग्रहाविषयी, तर काही घरच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या ट्रंकांविषयी. उत्तरं एका पुरालेखपालाने आणि एका मनोविकारतज्ज्ञाने मिळून दिली आहेत.

परदेशी संग्रहांच्या वर्णनात 'अमुक इतके लिनियर फीट' असं लिहिलेलं असतं. म्हणजे नेमके किती कागद? आणि एका डॉक्टरच्या कागदांत एवढं असतं तरी काय? – निवृत्त शिक्षक, वाई

खोकी फळीवर एकाला एक लावून उभी केली तर फळीची जेवढी लांबी भरते, तेवढे फूट. उभ्या फाइली ठेवण्याचा नेहमीचा पुठ्ठ्याचा खोका पाच इंच रुंद असतो, म्हणजे एका फुटात साधारण अडीच खोकी. कागद सपाट आणि खोकी नीट भरलेली असतील तर फुटाला दीड ते दोन हजार पानं धरावीत. १२० फुटांचा संग्रह म्हणजे तीनशेच्या आसपास खोकी आणि ढोबळमानाने दोन लाख पानं. रोज चारशे पानं वाचली तरी पाचशे दिवस लागतील. वर्णनातला हा आकडा आधी पाहायचा तो यासाठी.

आत काय असतं? सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा पत्रव्यवहाराचा. आलेलं मूळ पत्र आणि पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत, दोन्ही. मग व्याख्यानांचे मसुदे, समित्यांची इतिवृत्तं, अनुदानाचे अर्ज, प्रयोगांच्या वह्या, दुसऱ्यांच्या लेखांची समासात शेरे मारलेली छापील पुस्तिका-पानं, काचपट्ट्या, फोटो. आणि रुग्णांचे केसपेपर. मनोविकारतज्ज्ञाचं दप्तर इतर संशोधकांच्या दप्तरापेक्षा वेगळं ठरतं ते या शेवटच्या गोष्टीमुळे. रसायनशास्त्रज्ञाच्या वहीतल्या मिठाला स्वतःचं नाव गुप्त राहावं असं वाटत नाही.

मेयर यांचा तर नोंद ठेवण्यावरच भर. त्यांनी रुजवलेला 'लाइफ चार्ट' म्हणजे एका पानावरचं अख्खं आयुष्य. वयाची वर्षं एकाखाली एक, एका अंगाला शरीराची आजारपणं, दुसऱ्या अंगाला शाळा, नोकरी, लग्न, घरातले मृत्यू. आजार कोणत्या वर्षी कशाच्या शेजारी उभा आहे हे एका नजरेत दिसावं, एवढाच हेतू. त्यांनी हयातीत मोठा ग्रंथ असा लिहिला नाही. त्यांचे लेख १९५० ते १९५२ दरम्यान चार खंडांत निघाले, त्यामुळे त्यांची विचारपद्धती समजून घ्यायची तर छापील पानांइतकंच दप्तरही लागतं.

मी मुंबईत पीएच.डी. करते आहे. मेयर यांच्या कागदांसाठी दोन आठवडे बाल्टिमोरला जायचा विचार आहे. जाण्याआधी काय करू? – संशोधक, मुंबई

तिकीट सर्वांत शेवटी काढा.

पहिलं काम शोधसूची वाचण्याचं. तिथे तिला 'फाइंडिंग एड' म्हणतात. मेयर यांचा पत्रव्यवहार मालिकांत लावलेला आहे आणि त्याचा कणा पत्रलेखकांची नावं हा आहे. विषयवार विभागणी अपेक्षित धरून गेलात तर हात हलवत परत याल. 'बालमानस' किंवा 'परिचारिका' असा शोध घेतला तर थोडंच सापडेल. त्या विषयात मेयर यांच्याशी कोण बोलत होतं हे आधी ठरवावं लागतं. म्हणून छापील लेख, जुनी मासिकं, परिषदांच्या याद्या यांवरून तीस-चाळीस नावांची यादी घरूनच करा आणि प्रत्येक नावापुढे मालिका, क्रमांक आणि फोल्डर लिहून ठेवा. मेयर यांच्या पत्नी मेरी पॉटर ब्रूक्स रुग्णांच्या घरी जाऊन कुटुंबाची माहिती घेत. असल्या कामाच्या खुणा पत्नीच्या नावाखालीही शोधाव्यात. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. आपण 'स्किझोफ्रेनिया' शोधतो. मेयर यांच्या तरुणपणी शब्द होता 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', आणि पुढे त्यांनी ग्रीक धातूवरून स्वतःचीच परिभाषा बनवली. मनाचं काम म्हणजे 'अर्गेशिया'. त्यावरून स्किझोफ्रेनियाला 'पॅरर्गेशिया', भावविकारांना 'थायमर्गेशिया', बौद्धिक अक्षमतेला 'ऑलिगर्गेशिया', विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या भ्रमाला 'डिसर्गेशिया', न्यूरोसिसला 'मेरर्गेशिया'. हे शब्द बाहेर फारसे रुळले नाहीत, पण फिप्सच्या कागदांत भेटतात. तक्ता करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. आणि जुनं निदान आजच्या निदानाशी 'बरोबर' चिन्हाने जोडू नका. १९१५ चा डिमेन्शिया प्रीकॉक्स आणि आजचा स्किझोफ्रेनिया यांची कुंपणं एकाच जागी नाहीत.

तिसरं, परवानगी. मेयर यांची सर्वसाधारण पत्रं आणि फिप्सच्या रुग्णांच्या नोंदी यांचे नियम निरनिराळे आहेत. रुग्ण ओळखू येईल अशी आरोग्यविषयक माहिती पाहायची तर अभिलेखागाराच्या गोपनीयता मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. संशोधनाचा प्रश्न, कोणत्या नोंदी, त्याच का, टिपणं कुठे आणि कशी ठेवणार, प्रकाशनात नावं कशी लपवणार, हे त्यात सांगायचं असतं. इथे बहुतेकांचा अर्ज अडतो तो 'सर्व केस रेकॉर्ड्स, १९१३ ते १९४०' असल्या मागणीमुळे. 'दोन वर्षांत दाखल झालेल्या प्रसूतीनंतरच्या आजाराच्या स्त्रिया' असं नेमकं लिहिलं की मंडळालाही निर्णय घेणं सोपं जातं. शिवाय रुग्णांची नावं साध्या पत्रांतही अचानक समोर येतात, कारण नातेवाईक डॉक्टरला पत्रं लिहीतच. त्या पत्रांनाही हेच नियम लागू होतात.

भाषेचंही बघा. घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार जर्मनमध्ये असतो, आणि त्या पिढीच्या हस्ताक्षरात जुन्या जर्मन वळणाची लिपी भेटू शकते. आपल्याकडे देवनागरी येणाऱ्याला मोडी उलगडत नाही, तसंच हे. जर्मन येतं म्हणून ती लिपी वाचता येईल असं नाही. तिचा महिनाभर सराव घरी करता येतो.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल लागते. एका वेळी एक खोका, खोक्यातून एक फोल्डर, आणि ते काढलं तिथे जाड कागदाची खूणपट्टी. फोटो काढायची मुभा असेल तर प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा. हे राहिलं की सहा महिन्यांनी तीन हजार फोटो हातात असतात आणि एकाचाही संदर्भ देता येत नाही. पत्राची मागची बाजू कोरी दिसली तरी तिचा फोटो घ्या, कार्यालयीन शिक्के तिथेच असतात. रोज संध्याकाळी फोटो फोल्डरच्या नावाने वेगळे करून ठेवल्याशिवाय झोपू नका.

शोधनिबंध छापून आलेला असताना त्यामागचे कागद चाळण्यात नवीन काय मिळणार? – वैद्यकीय विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जे छापलं गेलं नाही, ते मिळतं. मेयर यांच्याच बाबतीतलं उदाहरण घ्या. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन हे मेयर यांचे शिष्य. वेडाचं मूळ शरीरात लपलेल्या पुवाच्या केंद्रात आहे असं त्यांचं मत. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, मोठं आतडंसुद्धा कापलं. शेकडा ८५ बरे होतात असा दावा होता. १९२४ मध्ये मेयर यांनी आपल्या सहकारी फिलिस ग्रीनएकर यांना ट्रेंटनची आकडेवारी तपासायला पाठवलं. त्यांनी रुग्णांचा एकेक करून माग काढला, तेव्हा चित्र उलटं निघालं. जास्त शस्त्रक्रिया झालेल्यांत सुधारणा कमी आणि मृत्यू जास्त. हा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. मेयर गप्प राहिले आणि शस्त्रक्रिया पुढे चालू राहिल्या. १९३३ मध्ये कॉटन वारले तेव्हा मेयर यांनी त्यांच्यावर आदराचा मृत्युलेखही लिहिला. केवळ छापील लेखांवर विसंबलं असतं तर ग्रीनएकर यांचं काम आणि गुरूचं मौन दोन्ही दिसलं नसतं. दप्तर त्याच्या मालकाची बाजू घेत नाही.

दुसरं उदाहरण जास्त तांत्रिक आहे. मेलबर्नजवळच्या बंडुरा इथल्या रुग्णालयातले जॉन केड यांनी ३ सप्टेंबर १९४९ च्या 'मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया'त लिथियम या उन्मादावरच्या औषधाविषयीचा आपला लेख छापला. उन्मादाचे दहा रुग्ण, त्यातला पहिला 'डब्ल्यू. बी.', वय ५१, पाच वर्षं वॉर्डात. मार्च १९४८ मध्ये औषध सुरू झालं, जुलैत तो घरी गेला, औषध सोडलं, जानेवारी १९४९ मध्ये परत आला, पुन्हा सुधारला. लेख इथे संपतो. केसपेपर मात्र पुढे चालू राहतो आणि मे १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूपाशी थांबतो. म्हणून केसपेपर वाचताना पहिला नियम असा : निबंधाची प्रकाशनतारीख समासात लिहा, तिच्या पुढच्या नोंदी आधी वाचा आणि मग मागे या.

एकके हा दुसरा सापळा. केड यांचे डोस 'ग्रेन'मध्ये आहेत. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. २० ग्रेन लिथियम सायट्रेट म्हणजे जवळपास १.३ ग्रॅम, दिवसातून तीनदा. नंतर लिथियमच्याच दुसऱ्या क्षारावर, कार्बोनेटवर, आल्यावर डोस १० ग्रेन होतो. नवखा वाचक लिहितो, 'डोस निम्मा केला.' तसं नाही. कार्बोनेटच्या वजनात लिथियम सुमारे १९ टक्के असतं, तर सायट्रेटच्या पाणी धरलेल्या स्फटिकांत सुमारे ७ टक्के. म्हणजे पोटात जाणारं लिथियम निम्म्यावर आलं नाही, उलट थोडं वाढलं. क्षार कोणता हे न बघता नुसत्या आकड्यांचा आलेख काढला की निष्कर्ष उलटा पडतो. केसपेपरवर 'जी.आर.' दिसलं तर ते ग्रेन, ग्रॅम नव्हे. ही चूक फार होते. रक्तातलं लिथियम मोजलेलं का नाही, असंही विचारलं जातं. ते मोजत उपचार करण्याची पद्धत पुढच्या काही वर्षांत बसली. आज पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर राखतात आणि १.५ च्या वर विषबाधेचा धोका धरतात. डब्ल्यू. बी. ला हे संरक्षण नव्हतं.

वडील मनोविकारतज्ज्ञ होते, चाळीस वर्षं प्रॅक्टिस आणि थोडंफार संशोधन. ते गेल्यावर दोन ट्रंका, अकरा खोकी आणि एक गोदरेज कपाट भरून कागद उरले आहेत. भाऊ म्हणतो रद्दीत द्या. मी विषयवार लावायला घेतले आहेत. बरोबर आहे का? – वाचक, सोलापूर

भावाचं ऐकू नका आणि तुम्हीही लावणं आजच थांबवा.

पेशवे दप्तराचे रुमाल आठवा. कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात कोणता कागद कोणाच्या शेजारी होता, त्यावरूनही इतिहासकाराला पुष्कळ कळतं. गठ्ठा सोडून कागद 'नीट' लावले की ती माहिती कायमची जाते. तुमच्या वडिलांनी एका रुग्णाच्या टिपणाशेजारी एखाद्या लेखाचं कात्रण ठेवलं असेल, तर ते तिथेच का ठेवलं हाच प्रश्न उद्याच्या संशोधकाचा असणार. जे आधीच हलवलं असेल ते आठवतंय तोवर लिहून ठेवा.

आधी कपाट, ट्रंका, खोकी यांचे जसे आहेत तसे फोटो काढा, प्रत्येक कप्प्याचा वेगळा. मग प्रत्येक जागेला क्रमांक द्या : क१, क२, ट१. कागदावर पेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने मागच्या कोपऱ्यात हलका क्रमांक पुरे. वहीत प्रत्येक गठ्ठ्याची एक ओळ : क्रमांक, काय दिसतं, अंदाजे वर्षं, किती जाडी, प्रकृती कशी, रुग्णांची नावं आहेत की नाहीत. अकरा खोक्यांची ही यादी दोघांना चार-पाच दिवसांत होते. दान घेणारी कुठलीही संस्था पहिल्यांदा हीच यादी मागेल.

आता निगा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना ओढून काढू नका, कागद फाटतो. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून पिनेचे पाय उघडा आणि मग उचला. काढलेल्या टाचणीच्या जागी नवी स्टीलची क्लिप लावायची नाही, एक दुमडलेला कोरा कागद त्या पानांभोवती घाला म्हणजे गट कायम राहतो. सेलोटेप कधीही नको, लॅमिनेशन तर नकोच. रबरबँड चिकटले असतील तर कात्रीने कापा, खरवडू नका. फॅक्सचे गुळगुळीत कागद उष्णतेने आणि काळाने पांढरे पडतात, त्यांची झेरॉक्स सगळ्यात आधी. जुन्या फिल्म्सना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्या वेगळ्या खोक्यात काढा, शेजारच्या चांगल्या फिल्म्सही त्यामुळे बिघडतात.

बुरशी दिसली तर एन-९५ मास्क आणि हातमोजे. गठ्ठा सावलीत, पंख्याचा थेट झोत न घेता, हवेशीर जागी कोरडा होऊ द्या. ओली बुरशी पुसली तर ती कागदात अजून आत जाते. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने घराबाहेर झटकायची. उन्हात ठेवण्याचा मोह होतो, पण शाई उडते आणि कागद कडक होतो. कसर किंवा वाळवीची अळी असेल तर गठ्ठा दुहेरी पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप-फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतो. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरची वाफ कागदावर धरते. फोटो, फिल्म, काचपट्ट्या फ्रीझरमध्ये घालू नयेत. डांबराच्या गोळ्या बुरशी थांबवत नाहीत आणि माणसाला त्रास देतात. कडुलिंबाचा पाला ओला राहिला तर डाग पाडतो. पोथ्यांच्या बासनात वेखंडाची पुरचुंडी असते ती कागदाला न टेकता ठेवली तर अपाय नाही, पण पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहण्याला ती पर्याय नव्हे. खोकी जमिनीपासून सहा इंच वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. सोलापूरची हवा कोकणापेक्षा मेहेरबान आहे, तरी आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी उठते. एक साधं आर्द्रतामापक खोक्यांजवळ ठेवा.

राहिला कायद्याचा भाग. रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे. ती मुदत बहुतेक फाइलींची उलटून गेली असेल. पण मुदत संपली म्हणून गोपनीयता संपत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मानसिक आजाराच्या माहितीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. त्यामुळे दोन ढीग मनात धरा, जागेवर करू नका : संशोधन, पत्रव्यवहार, व्याख्यानं हे एक. नावानिशी केसपेपर हे दुसरं. दुसऱ्या प्रकारच्या फाइली कुलपात, आणि घरच्यांनीही कुतूहलापोटी वाचू नयेत. सोलापूरसारख्या शहरात त्यातली निम्मी नावं ओळखीची निघतील. त्या जाळाव्यात का, असंही तुम्ही पत्रात विचारलं आहे. फ्रॉइड यांनी १८८५ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आपल्या टिपणांची होळी केली होती, तीही चरित्रकारांना वैताग द्यायच्या उद्देशाने. ती त्यांची स्वतःची होती. तुमच्या हातातली रुग्णांची आहेत. आमचं मत असं : संस्थेशी बोलणं होईपर्यंत काहीही नष्ट करू नका. संस्थेने केसपेपर नाकारले तर ते रद्दीवाल्याकडे न देता यंत्राने बारीक चिरून नष्ट करा, आणि काय नष्ट केलं याची नावांशिवायची यादी ठेवा.

दान करायचं तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रं स्वीकारतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं अभिलेखागार २०१९ पासून विज्ञानाच्या इतिहासाचे कागद जमवत आहे. दानपत्रात या गोष्टी असल्याच पाहिजेत : सर्व वारसांच्या सह्या, कोणता भाग कोणत्या वर्षापर्यंत बंद, मधल्या काळात परवानगी कोण देणार, नको असलेल्या दुहेरी प्रती परत येणार की नष्ट होणार, आणि डिजिटल प्रती इंटरनेटवर टाकायला संमती आहे की नाही. कॉपीराइटचा गोंधळ इथे होतो. वडिलांना आलेलं पत्र म्हणजे तो कागद तुमचा, पण त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुरावर तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुरावर प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून 'सर्व हक्क दिले' असं लिहू नका, 'आमच्याकडे असलेले हक्क दिले' असं लिहा.

रुग्णाचं नाव बदललं की झालं ना? – प्राध्यापक, नागपूर

नाही. 'पुण्यातल्या रविवार पेठेतल्या एका सराफाची थोरली मुलगी, १९३८ मध्ये बाळंतपणानंतर आजारी' या वाक्यात नाव कुठेच नाही, पण तिची नातवंडं पहिल्या ओळीतच ओळखतील. माणूस ओळखू येतो तो गाव, पेशा, वय, तारीख आणि विलक्षण घटना यांच्या मिश्रणातून. यातल्या दोनपेक्षा जास्त गोष्टी एकत्र येऊ देऊ नका, तारखेऐवजी दशक द्या, गावाऐवजी 'पश्चिम महाराष्ट्रातलं एक शहर'. काय बदललं हे तळटीपेत सांगा, पण कशाचं काय केलं ते सांगू नका. खऱ्या नावांची किल्ली वेगळ्या वहीत, वेगळ्या कुलपात.

मुदतींचं म्हणाल तर आरोग्यविषयक माहिती गुप्त ठेवणाऱ्या अमेरिकेच्या 'हिपा' कायद्याचं संरक्षण रुग्णाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी संपतं, म्हणजे १९८० मध्ये वारलेल्याचं २०३० पर्यंत. मृत्यूची तारीखच हाती नसेल तर अभिलेखागार सावध भूमिका घेतं आणि वाट पाहायला लावतं. ब्रिटनमध्ये रुग्णालयांच्या जुन्या नोंदींना साधारण शंभर वर्षांचा पडदा असतो. आपल्या २०१७ च्या कायद्यात अशी मृत्यूनंतरची मुदत दिलेली नाही. तेव्हा संशोधकाने कडक बाजूलाच राहावं.

माझी पणजी स्वातंत्र्यापूर्वी मनोरुग्णालयात होती असं घरात कुजबुजत सांगतात. तिची नोंद कुठे मिळेल? – वाचक, ठाणे

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नातं सिद्ध करणारी कागदपत्रं, तिचं लग्नापूर्वीचं आणि नंतरचं नाव, अंदाजे वर्ष असा लेखी अर्ज त्या रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे करा. नाव त्या काळी इंग्रजीत कसंही लिहिलं जाई, म्हणून चार-पाच स्पेलिंग जोडा. जुने वॉर्ड-रजिस्टर सगळीकडे टिकलेले नाहीत, त्यामुळे उत्तर 'नाही' येऊ शकतं. मुंबई इलाख्याच्या वेड्यांच्या इस्पितळांचे जुने वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यात व्यक्तींची नावं नसतात, पण किती स्त्रिया दाखल झाल्या, कशाने वारल्या, खाण्यावर किती खर्च झाला याचे तक्ते असतात. पणजी सापडली नाही तरी ती कशा वॉर्डात राहिली असेल ते त्यातून दिसतं.

वडिलांच्या कपाटात रुग्णांच्या मुलाखतींच्या कॅसेट आहेत. घरच्या जुन्या टेपवर लावून बघू का? – वाचक, डोंबिवली

लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा थर सुटलेला असू शकतो आणि जुन्या यंत्राचा घाणेरडा रोलर ती खाऊन टाकू शकतो. आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या पाकळ्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर तिला हात न लावता वेगळी ठेवा. बाकीच्या उभ्या, डब्यात, लोहचुंबक आणि स्पीकरपासून दूर. डिजिटल प्रत करून घेताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल मागा, एमपी-३ नको. तासाला जवळपास एक जीबी जागा लागते. आणि प्रत करणाऱ्या दुकानदाराकडून गुप्ततेचं लेखी हमीपत्र घ्या, कारण आवाजाला टोपणनाव देता येत नाही. शक्य असेल तर काम चालू असताना स्वतः तिथे बसा आणि मूळ कॅसेट त्याच संध्याकाळी परत आणा.